चहा पिऊ नको, लाव!

लहान मुलांनी चहा प्यायला की ती काळी होतात, हा शोध महाराष्ट्रातल्या समस्त आज्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेची पायरी न चढता लावला होता. लाखनीपासून लांज्यापर्यंत त्याला एकमुखी मान्यता होती. पोरगं जात्याच सावळं असलं तर चहाचा गुन्हा सिद्ध. गोरं असलं तर अजून चहाची चटक लागली नाही म्हणून. या कायद्याखाली दोन-तीन पिढ्या नाक मुरडत दूध प्यायल्या. आता तीच पत्ती उजळण्यासाठी तोंडाला लावायची आहे, आणि तिच्या अर्काच्या बोटभर बाटलीसाठी धानाच्या रोवणीच्या दिवसभराच्या मजुरीहून जास्त पैसे मोजायचे आहेत. आज्यांचं म्हणणं कुणी खोडून काढलं नाही. फक्त रस्ता बदलला: तोंडातून नको, तोंडावरून.

आमची लाखनी भंडारा जिल्ह्यात, मुंबई-कोलकाता महामार्गावर. महामार्गावर गाव असण्याचे काही फायदे असतात. देशात जे काही निघतं ते ट्रकात बसून लाखनीवरून जातं आणि त्यातलं थोडं इथं उतरतं. उड्डाणपूल झाल्यापासून ट्रक डोक्यावरून जातात, तरी उतरायचं ते उतरतंच. बांगड्या, टिकल्या, रिबिनी आणि नेलपॉलिशच्या दुकानात आता एक आख्खा कप्पा हिरवा झाला आहे. ग्रीन टी फेसवॉश, ग्रीन टी टोनर, ग्रीन टी सीरम, ओल्या कागदाचा ग्रीन टी मुखवटा. प्रत्येक खोक्यावर दोन पानं आणि मधे एक कळी, त्यावर दवाचा थेंब. थेंब इतका टपोरा की त्याच्या जोरावर एखादी बांधी ओलीत व्हावी.

चहाचं झुडूप या भागात कोणी पाहिलेलं नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही. धानाला मुळाशी पाणी उभं लागतं. चहाच्या मुळाशी पाणी उभं राहिलं की झाड गेलंच. चहाला पाण्याचा निचरा हवा, आंबट माती हवी. आम्ही मात्र पिढ्यान् पिढ्या जमीन सपाट करून, धुरे घालून पाणी कोंडत आलो. थोडक्यात, चहा आणि धान ही शेतीच्या दृष्टीनं एकमेकांची तोंडं न पाहणारी घराणी. कॉस्मेटिकवाल्यांनी ती सोयरीक आमच्या तोंडावरच जुळवली.

दुकानातला संवाद ऐकण्यासारखा असतो.

"यानं का होते जी भाऊ?"

"ग्लो येते, मावशी."

"म्हणजे गोरी होते का?"

"गोरी नाई वो मावशी. ग्लो."

"मंग ग्लो आल्यावर गोरीच दिसते ना?"

दुकानदार हसतो, आणि बिल करतो. जे काम मुंबईतल्या मोठ्या जाहिरात संस्थांना करोडो रुपये घेऊन जमत नाही ते त्यानं एका हसण्यात केलेलं असतं. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' नावानं विकली जाणारी क्रीम २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झाली. जगभर रंगभेदाविरुद्ध मोर्चे निघाले, त्याची धूळ आमच्या ट्यूबवर बसली आणि 'गोरी' पुसली गेली. ट्यूबवरचं नाव बदललं हे ठीकच झालं. पण मुलीच्या बायोडेटातला 'रंग' हा रकाना कोणत्याही कंपनीच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे तो जागेवर आहे. तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्यात निम्म्या उपवर मुलींचा रंग 'गव्हाळ' असतो. मुलाच्या बायोडेटात रंगाच्या जागी एकर असतात.

अशा वेळी ग्रीन टी फार कामाला येतो. त्याला 'गोरं' म्हणावं लागत नाही. 'अँटिऑक्सिडंट' म्हणायचं, 'डिटॉक्स' म्हणायचं, 'निसर्गाचं वरदान' म्हणायचं. ऐकणारा आपल्या मनात भाषांतर करून घेतो आणि सांगणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. वाक्याचा शेवटही बघा: 'त्वचा तजेलदार दिसण्यास मदत करते'. करते काय? मदत. कशाला? दिसायला. दिसली नाही तर? मदत तर केली होती ना! १९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे काय हे लिहिलं आहे: चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं, स्वच्छ करायचं, रूप खुलवायचं. रोग बरा करतो म्हणालात की ते औषध झालं, आणि औषध म्हटलं की औषधाचा परवाना आणि पुरावा आला. म्हणून बाटलीवरचं प्रत्येक क्रियापद वकिलाच्या हाताखालून आलेलं असतं.

आता बाटली उलटी करा. सगळी गंमत मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आहे. अक्षरं इंग्रजी, निम्मे शब्द लॅटिन, ते वाचायला मोबाईलचा कॅमेरा मोठा करावा लागतो. यादीत चहाचं नाव चहा नसतं. 'कॅमेलिया सायनेन्सिस लीफ एक्स्ट्रॅक्ट' असतं. ही यादी वाचण्याचा नियम मात्र लाखनीत कुणाला वेगळा शिकवायला नको, कारण आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात. पत्रिकेवर आधी देव, मग कैलासवासी आजोबा, मग आई-वडील, काका-काकू, आत्या-मामा आपल्या वजनाप्रमाणे उतरत येतात. आणि अगदी तळाशी, जागा उरली तर, पिंकी, चिंटू, गुड्डू: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांतही असंच आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले नंतर, कोणत्याही क्रमानं. बहुतेक ग्रीन टी बाटल्यांवर मुख्य यजमान पाणी असतं. मग ग्लिसरीन येतं, मग चारदोन भारदस्त रसायनं. आणि ज्याच्या नावानं सगळा मांडव घातला, तो ग्रीन टी तळाशी गुड्डूच्या शेजारी उभा असतो.

गुड्डू नेमका कितीसा आहे हे कळायची एक युक्ती आहे. यादीत 'फिनॉक्सिइथेनॉल' नावाचं संरक्षक शोधा. बाटलीतल्या मालाला बुरशी येऊ नये म्हणून ते घालतात. त्याची मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर ज्यांची नावं आली, ती सगळी मंडळी एक टक्का किंवा त्याच्या आत. चहा त्याच्याही खाली असेल तर समोरच्या चित्रातली दोन पानं आणि कळी हीच त्या बाटलीतली चहाची सगळ्यात मोठी मात्रा आहे असं समजायला हरकत नाही. त्यातही 'अर्क' म्हणून कारखान्यात जे येतं ते पुष्कळदा ग्लिसरीनमध्ये किंवा पाण्यात विरघळवलेलं पातळ द्रावण असतं. म्हणजे एक टक्क्यातलाही थोडाच भाग खरा चहा. तळाच्या गुड्डूचं नावच तेवढं छापलं, तो स्वतः लग्नाला आलाच नाही, असाही प्रकार संभवतो.

एवढं बोलल्यावर ग्रीन टीवर अन्याय नको. त्याच्यात काहीच नाही असं नाही. न आंबवलेल्या चहाच्या पानात कॅटेचिन नावाची संयुगं भरपूर असतात आणि त्यातलं सर्वांत दमदार म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. नाव उच्चारेपर्यंत चेहरा सुकतो म्हणून सगळे त्याला ईजीसीजी म्हणतात. २००१ साली अमेरिकेत माणसांच्या कातडीवर चहाच्या या संयुगांचा लेप लावून वर कृत्रिम अतिनील किरणांचा मारा करून पाहिला, तेव्हा लेप लावलेल्या जागी लाली कमी आली आणि पेशींची मोडतोडही कमी झाली. लेप जितका दाट, तितका परिणाम जास्त. पुढे २ ते ३ टक्के अर्काच्या लोशनचे मुरुमांवर आणि तेलकट त्वचेवर छोटेखानी प्रयोग झाले, त्यातही थोडा गुण दिसला. प्रयोग छोटे, माणसं मोजकी, तरी शून्य नाही. पण हे २-३ टक्के, आणि ज्याला 'दाट' म्हणतात तो लेप. तळाचा गुड्डू नव्हे. रंग उजळण्याच्या दाव्यामागे तर इतपतही भक्कम काही नाही.

आणि ग्रीन टीनं खरोखर मैदान मारलं ते वेगळ्याच ठिकाणी. २००६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ग्रीन टीच्या अर्काचं एक मलम मंजूर केलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं, वनस्पतीच्या अर्काचं तिथलं हे अशा प्रकारचं पहिलं औषध. अर्काचं प्रमाण १५ टक्के. कठोर चाचण्या, कागदपत्रं, सगळं रीतसर. औषध कशावर? गुप्तांगावरच्या चामखिळींवर. कातडीच्या बाबतीत चहाच्या नावावर एवढं एक निर्विवाद, सरकारी शिक्क्याचं यश जमा आहे आणि त्याचं पोस्टर करून लावायला एकही ब्रँड पुढे येत नाही. दवाचा थेंब तिथं शोभला नसता, हे मान्य.

बाटलीतल्या हिरव्या रंगाचीही एक गंमत आहे. ईजीसीजी नाजूक असतं. हवा लागली, उजेड लागला की ते मोडतं आणि द्रावण पिवळट, मग तपकिरी होत जातं. खरोखर चहाचा भरपूर अर्क घातलेली बाटली काही महिन्यांत मळकट दिसू लागते. मग दुकानात महिनोन्‌महिने उन्हाच्या तिरीपेत उभी राहूनही जी पोपटी ती पोपटीच राहते, तिचं रहस्य काय? पुन्हा मागची यादी. शेवटी शेवटी 'सीआय १९१४०' आणि 'सीआय ४२०९०' असे आकडे दिसले तर ओळख करून घ्या: पहिला पिवळा रंग, दुसरा निळा. बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं की पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं. म्हणजे 'ग्रीन टी'तला टी तळाला गेला, आणि ग्रीन डब्यातून आला.

चहाला आपल्याकडे फार सोसावं लागलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून चहा-बिस्किटं पुढे ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसताच कपाला हात लावला. ही मेजवानी घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रापर्यंत पोचवली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. मिशनऱ्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्ताचे हिशेब झाले. त्या मंडळींना तेव्हा कोणी सुचवायला हवं होतं की महाराज, आम्ही चहा प्यायलोच नाही, गालाला लावला. सुटले असते. ग्लोसुद्धा आला असता.

बरं, चहा दूरचा. पण घरचं तरी आपण ओळखतो का? हिरव्या कप्प्याच्या खाली आता एक पांढरा कप्पा तयार होतो आहे: 'राईस वॉटर'. तांदळाचं पाणी. कोरियातल्या बाया म्हणे तांदळाच्या पाण्यानं तोंड धुतात, म्हणून त्यांची कातडी काचेसारखी. ज्या जिल्ह्यात पावलोपावली राईस मिल आहे, जिथं चुलीजवळ धुवणाचं भांडं भरून असतं आणि ते संध्याकाळी म्हशीपुढे ठेवतात, त्या भंडाऱ्यात तांदळाचं धुवण बाटलीत भरून कोरियाच्या नावानं विकायला आलं आहे. इतक्या वर्षांच्या हिशेबानं आमच्या म्हशींची कातडी आतापर्यंत काचेसारखी व्हायला हवी होती. त्या अजून काळ्याच आहेत आणि त्यांचं लग्न त्यावाचून अडलेलं नाही.

कोंड्याचंही तेच. मिलमधून निघणाऱ्या कोंड्याच्या तेलात ओरायझॅनॉल आहे, फेरुलिक आम्ल आहे, ज्यांची नावं महागड्या क्रीमच्या खोक्यावर दिमाखात झळकतात. कोंडा इथून पोत्यात जातो आणि क्रीम होऊन डबीत परत येते. पोतं आणि डबी यांच्या भावातला फरक म्हणजे ग्लो. तो येतो खरा. कोणाच्या चेहऱ्यावर, एवढंच विचारायचं नाही.

आता जरा बांधीत उतरू. रोवणीच्या दिवसांत लाखनी, पालांदूर, पोहरा, सालेभाटा, कुठंही जा. पऱ्हे उपटून चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगा दिसतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्याला दुपट्टा, पाऊस आला तर वरून पन्नी. पाठीवर ढगातून गाळून आलेलं ऊन, आणि थोडं खालच्या पाण्यावरून परतून तोंडावर. ढग आहेत म्हणून अतिनील किरणं घरी थांबत नाहीत. सौंदर्यतज्ज्ञांच्या भाषेत यांना 'तीव्र सूर्यसंपर्क असलेला ग्राहकवर्ग' म्हणता येईल. पण ग्राहकवर्गात त्या मोडत नाहीत. त्यांच्यासाठी कोणत्याही खोक्यावर दवाचा थेंब काढलेला नाही.

गंमत अशी की या बायांनी जे अंगावर घातलं आहे ते विज्ञानाच्या कसोटीला ग्रीन टी सीरमपेक्षा किती तरी सरस उतरतं. घट्ट विणीचा सुती कपडा, लांब बाह्या, झाकलेलं डोकं: उन्हापासून बचावाचा पहिला सल्ला कोणताही त्वचारोगतज्ज्ञ हाच देईल. मग सनस्क्रीन, आणि तेही हाताची दोन बोटं भरून, चेहऱ्याला आणि मानेला, दर काही तासांनी. ग्रीन टी हे सनस्क्रीन नव्हे. फार तर सनस्क्रीनच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवणारा माणूस. तरीही मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी चेहऱ्याला नुसतं ग्रीन टी सीरम लावून, दुपट्टा मात्र केस बसतात म्हणून गळ्यात टाकून गाडीवर निघालेली तरुणाई मी पाहतो, तेव्हा शर्टवाल्या मावशीला कॉलेजात पाहुणी व्याख्याती म्हणून बोलवावं असं वाटतं. मानधन म्हणून सनस्क्रीनची एक ट्यूब द्यावी. तिला खरोखर उपयोग आहे.

आणि चिखल्या? दिवसभर पाय चिखलात राहिले की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटते, सोलते, रात्री आग आग होते. धानपट्ट्यातला हा सर्वांत जुना, सर्वांत सार्वजनिक त्वचाविकार. कोणी तेल-हळद भरतं, कोणी मेंदीचा पाला वाटून थापतं, आणि सकाळी पुन्हा चिखलात. 'पॅडी फूट रिपेअर सीरम, विथ ग्रीन टी' असं काही अजून निघालेलं माझ्या पाहण्यात नाही. पायाच्या बेचक्याला ग्लो आला काय न आला काय. बायोडेटात बेचक्यांचा रकाना नसतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं कारण ग्रीन टीची बाटली बिचारी फारशी वाईट नाही. पाणी, ग्लिसरीन, सुवास. पैसे जातात, कातडी बहुधा जागेवर राहते. तिच्या शेजारी काय उभं असतं ते बघितल्यावर मात्र हसू आवरतं. 'डिटॉक्स' हा ग्रीन टीचा लाडका शब्द. आता शरीरातली घाण बाहेर टाकण्याचं काम कातडीकडे नाही, ते यकृत आणि मूत्रपिंडाकडे आहे. आणि या धंद्यात अधूनमधून फटका बसतो तो नेमका याच दोघांना. लावून भागत नाही म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या पोटात घेणारे असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली सांगितलं की अशा पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पोटात गेलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. कपातला चहा निर्दोष. गोळीतला अर्क नव्हे. सफाईला आलेल्यानं सफाई कामगारालाच मारलं.

मूत्रपिंडाची गोष्ट तर आपल्याच विदर्भातली आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली. गोरं करणारी क्रीम, स्थानिक ब्युटिशियनकडची. तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज. शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि सापडला पारा. पारा कातडीतला रंग बनण्याचं काम थांबवतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. ही नुसती 'मदत' नसते, हे काम असतं. मग तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात मुक्काम करतो. अशा डबीच्या मागे यादी नसते, चहाही नसतो, एक टक्काही नसतो. नुसतं हिरवं पान असतं, आणि 'हर्बल'.

तिसरी शेजारीण औषधाच्या दुकानातली. खाज आली, गजकर्ण आलं, डाग पडला, की "ते लाल खोक्यातली ट्यूब देजा जी." त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज गायब, चेहऱ्यावर लावलं तर आठ दिवसांत गोरेपणा. पोरी मैत्रिणींना सांगतात, मैत्रिणी वहिनींना. मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात, गालावर लव वाढते. आणि बंद केली की चेहरा पेटून उठतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. गजकर्ण तर असं हट्टी होऊन बसतं की नंतर खऱ्या औषधालाही जुमानत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं वैद्यकीय नाव देऊन टाकलं, इतके ते चेहरे आले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांची, असं बंदीच्या कागदावर आहे. आमच्याकडे पोराच्या हाती वहीचं पान फाडून त्यावर ट्यूबचं नाव लिहून पाठवलं, तरी ती चिठ्ठीच होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं आणखी एक मसुदा काढला होता. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा कडक करायचा आणि त्याच्या यादीत 'त्वचा गोरी करणे' हेही घालायचं. दंड मोठा, कैदही. मसुदा निघाला, मागोमाग ते मोर्चे निघाले, कंपन्यांनी गोरेपणाचं सामान आवरायला घेतलं आणि काही महिन्यांत जिकडेतिकडे ग्लो उगवला. कायदा येण्याआधीच गुन्हा नाव बदलून मोकळा.

आमच्या दुकानदाराला यातलं काही सांगायला गेलं तर तो ऐकून घेतो. माणूस सरळ आहे. लोक मागतात ते ठेवतो. परवा त्याला म्हटलं, ग्रीन टीच्या बाटलीत ग्रीन टी नाही रे बाबा. तो म्हणाला, "जी, ते तर आमाले बी माहीत आहे. पण ते आता चालत बी नाई. हे पाहा." आणि त्यानं नवीन खोकं पुढे ठेवलं. वर पान नव्हतं, दव नव्हतं. गोगलगाय होती. कोरियात गोगलगाईचा चिकट रस काढून सीरम करतात, फार चालतं म्हणे, त्याची आवृत्ती आपल्याकडेही आली आहे. बाजूला दोन मावश्या उभ्या होत्या, रोवणीवरून परतलेल्या, शर्ट अजून अंगात. त्यांनी गोगलगाईचं चित्र निरखून पाहिलं. मग एकीनं विचारलं, "किलोनं घेतेत का जी हे लोक?"